कलाकाराच्या घरी आजारपण आलं तर: बिल भरण्याआधी कुठे आणि कोणत्या क्रमाने मदत मागायची

नाटकातला माणूस आजारी पडला की पहिला फोन निर्मात्याला जातो आणि दुसरा निरोप व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतो. तमाशातला असेल तर फडमालकाकडे नवी उचल मागितली जाते. वादक असेल तर वाद्य गहाण टाकायची गोष्ट निघते. हे सगळं होईपर्यंत कुणीतरी धावपळ करून रुग्णालयात डिपॉझिट भरलेलं असतं, आणि घोळ तिथेच होतो. महाराष्ट्रात आजारपणासाठी मिळणारी मोठी मदत जवळजवळ सगळी थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. खिशातून भरलेले पैसे त्यातून परत मिळत नाहीत. आधी विचारलं त्याला मिळतं. भरून मग विचारलं की पावत्यांची फाइल तेवढी उरते.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. कलाकार म्हणून मिळणारी मदत छोटी असते आणि उशिरा येते. राज्यातला एक रुग्ण म्हणून मिळणारी मदत मोठी असते आणि वेळेत येऊ शकते. आपली माणसं नेमकी उलट्या क्रमाने फिरतात. आधी संघटना, मग पुढारी, मग समाजमाध्यमं आणि सगळ्यात शेवटी सरकारी योजना. हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे. रुग्णासोबत जो धावपळ करणार आहे, त्याने तो वाचावा. रुग्णाने स्वतः हे करू नये, त्याला जमणारही नाही.

## पहिले काही तास

जीव धोक्यात असेल तर योजना शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. कुठल्या रुग्णालयात न्यायचं हे ठरवायला दहा मिनिटं जरी हातात असली, तरी एकच प्रश्न विचारा: हे रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का? योजनेच्या १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर जवळच्या अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांची माहिती मिळते. हा एक फोन पुढची निम्मी पळापळ वाचवतो. एकदा योजनेबाहेरच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात रुग्ण गेला, की त्याला हलवणं वैद्यकीयदृष्ट्या आणि घरच्यांच्या मनाच्या दृष्टीनेही अवघड होतं.

अपघात रस्त्यावर झाला असेल तर वेगळा दरवाजा आहे. प्रयोग आटोपून रात्री टेम्पोने किंवा बसने परतणाऱ्या मंडळींनी हे पाठ करून ठेवावं. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली आहे. तिच्यात ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. त्यासाठी अपघाताची नोंद पोलिसांकडे झालेली हवी. म्हणून ११२ ला फोन करा. 'नंतर बघू, आधी घरी चला' असं म्हणून निघून येऊ नका.

रुग्ण दाखल झाला की घरातल्या किंवा मंडळातल्या एका माणसाकडे कागदांचं काम द्या आणि एकाकडे पैशांचं. दोन्ही एकाच्या गळ्यात पडलं की दोन्ही बिघडतं.

## सगळ्यात मोठा दरवाजा: जन आरोग्य योजना

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली ही योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवाल्यांचीच ही योजना, असा समज अजून पक्का आहे. तो आता जुना झाला. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसह राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली झाली आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचं संरक्षण आलं. 'आपलं कार्ड पांढरं, आपल्याला काय मिळणार' असं म्हणून घरी बसलेली कितीतरी माणसं आहेत. त्यात मालिकेत दिसणारे, चारचौघांना माहीत असलेले चेहरेही आहेत.

करायचं असं. अंगीकृत रुग्णालयात शिरल्यावर योजनेचा कक्ष शोधा. तिथे आरोग्यमित्र बसतो. त्याला शिधापत्रिका आणि आधार द्या, डॉक्टरांनी सांगितलेलं निदान सांगा आणि विचारा, 'हा उपचार योजनेच्या यादीत आहे का?' असेल तर रुग्णालय पूर्वमंजुरीसाठी ऑनलाइन प्रस्ताव पाठवतं. तातडीची केस असेल तर फोनवरून सूचना देऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद ७२ तासांत द्यायचे असतात. शिधापत्रिका गावी राहिली आहे, एवढ्या कारणाने माघार घेऊ नका. गावातल्या कुणाला तरी तिचा स्पष्ट फोटो पाठवायला सांगा आणि मूळ प्रत मागवून घ्या.

इथे अडचण अशी येते की योजना ठरावीक उपचारांसाठी आहे, प्रत्येक आजारासाठी नाही. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस बसतं; नुसतं तापाने दाखल होणं बहुधा बसत नाही. 'बसत नाही' असं कुणी तोंडी सांगितलं तर दोन गोष्टी करा. आरोग्यमित्राकडून उपचाराचं नेमकं नाव तपासून घ्या, कारण कधी कधी एकच शस्त्रक्रिया वेगळ्या नावाने यादीत असते. आणि तरीही नसेल तर तसं लेखी घ्या. पुढे मुख्यमंत्री सहायता निधीकडे किंवा एखाद्या न्यासाकडे गेलात की पहिला प्रश्न हाच येतो: जन आरोग्य योजना का नाही वापरली? हातात कागद असला की उत्तर द्यावं लागत नाही.

योजनेत बसणाऱ्या रुग्णाकडून त्याच उपचारासाठी पैसे घेणं चुकीचं आहे. कुणी मागितलेच तर भांडण करू नका. पावती मागा आणि वरच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पावती मागितल्यावर बरेचदा मागणीच विरते.

घरात सत्तरी ओलांडलेला कलाकार असेल तर आणखी एक सोय आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. आधारच्या आधारे आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. चौकशी १४५५५ वर. हे कार्ड निरोगी असतानाच काढून ठेवावं. दवाखान्यात पडल्यावर ज्येष्ठ गायकाच्या आधारवरचा मोबाइल क्रमांक बंद पडलेला निघतो आणि ओटीपी येतच नाही, हे दृश्य नेहमीचं झालं आहे.

आणि साधी गोष्ट: सार्वजनिक आरोग्य विभागाची जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत उपचार करतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांच्या मंडळींना वडसा सोडून नागपूर गाठण्याआधी हा पर्याय तपासता येईल. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं त्या निर्णयात नाहीत. पण तिथले दर खासगीच्या मानाने कमी असतात आणि तिथला समाजसेवा अधीक्षक न्यासांची यादी जवळ बाळगून असतो. त्या माणसाला भेटल्याशिवाय सरकारी रुग्णालयातून बाहेर पडू नये.

## धर्मादाय रुग्णालयात दबकत विचारू नका

मुंबई-पुण्यातली कित्येक आलिशान दिसणारी रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय न्यास आहेत. राज्यात अशी चारशेहून अधिक आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. शिवाय एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनावर, काम करणारे बहुतेक पडद्यामागचे कलाकार आणि तंत्रज्ञ यातल्या कुठल्यातरी रकान्यात बसतात. खरं तर बऱ्याचशा 'नावाजलेल्या' नटांचंही तेच आहे, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

विचारायचं कुठे? बिलिंगच्या खिडकीवर नाही. तिथे 'डिपॉझिट भरा' एवढंच उत्तर मिळतं. वैद्यकीय समाजसेवक कोण आहेत ते विचारा, त्यांना भेटा आणि 'निर्धन रुग्ण निधीतून उपचारांसाठी अर्ज करायचा आहे' हे याच शब्दांत सांगा. या वाक्याने समोरच्याला कळतं की तुम्हाला नियम माहीत आहे. तातडीच्या रुग्णाला दाखल करून जीव वाचवण्यासाठी आवश्यक ते उपचार देणं या योजनेत बंधनकारक आहे; उत्पन्नाचा दाखला नंतर देता येतो. निर्धन रुग्णाच्या औषधांचा, साहित्याचा आणि इम्प्लांटचा खर्च निधीतून जातो. दुर्बल घटकातल्या रुग्णाला मात्र या खर्चाचा निदान निम्मा भाग स्वतः भरावा लागतो, तेवढी तयारी ठेवा.

'खाटा भरल्या आहेत' हे उत्तर ठरलेलं. अशा वेळी अर्जाची पोच घ्या आणि धर्मादाय आयुक्तांच्या किंवा जिल्ह्यातल्या सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी बोला. खाटांची माहिती त्यांच्याकडे पाहता येते. फोन करणारा माणूस शांत, नाव-गाव-निदान सांगणारा असावा. आपल्याकडे एखादा संतापी मित्र असतोच. त्याला चहा आणायला पाठवा.

## मुख्यमंत्री सहायता निधी

हा तिसरा दरवाजा, पहिला नव्हे. वरच्या दोन्ही ठिकाणी काम झालं नाही किंवा काही रक्कम कमी पडली, तर इथे यायचं. निधीचा कक्षही तेच विचारतो. ठरावीक गंभीर आजारांसाठी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर मदत मिळते. अवयव प्रत्यारोपणासारख्या मोजक्या उपचारांना जास्तीत जास्त दोन लाख, बाकीच्यांना आजारानुसार त्याहून कमी. चौकशीचा क्रमांक १८०० १२३ २२११. आता जिल्हाधिकारी कार्यालयांतही कक्ष सुरू झाले आहेत, त्यामुळे कागद घेऊन मंत्रालयात जाऊन बसायची गरज उरलेली नाही.

लागणारे कागद असे:

- भरलेला अर्ज
- रुग्णालयाने दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक. रुग्णालय खासगी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेलं
- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- आधार आणि शिधापत्रिका
- आजाराचे अहवाल आणि रुग्ण दाखल असल्याचा जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो
- अपघात असेल तर पोलिसांकडची नोंद

रुग्णालय निधीच्या यादीत नोंदलेलं असावं लागतं. पैसे त्याच्या खात्यात जातात आणि झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती होत नाही. म्हणून अर्ज रुग्ण दाखल असतानाच जायला हवा, घरी आल्यावर नाही. अर्जाला कसलंही शुल्क नाही. 'माझी ओळख आहे, दहा टक्के द्या' म्हणणारा भेटला तर तो चोर आहे, एवढं समजा.

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचंही गणित साधारण असंच आहे: अर्ज, मूळ अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला आणि यादीतलं रुग्णालय. खासदारांचं शिफारसपत्र असलं तर बरं, पण त्यासाठी चार दिवस खोळंबू नका.

## दोन कागद जे सगळीकडे लागतात

कलाकाराची खरी अडवणूक आजार नाही करत, उत्पन्नाचा दाखला करतो. पैसे रोखीत येतात, सीझन चार-सहा महिन्यांचा, पगारपत्रक नाही. तमाशातला माणूस दसऱ्याला उचल घेतो आणि वैशाखातल्या जत्रा संपेपर्यंत ती फेडतो. त्याला 'मासिक उत्पन्न किती' हा प्रश्नच कळत नाही. तरी दाखला निघतो. आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करायचा. सोबत स्वयंघोषणापत्र, तलाठ्याचा अहवाल, आधार, शिधापत्रिका. लोकसेवा हक्क कायद्याने यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. रुग्ण दाखल असल्याचं रुग्णालयाचं पत्र जोडून तहसील कार्यालयात समक्ष भेटलात तर तेवढे दिवस लागत नाहीत. कुटुंब तमाशा फडांच्या राहुट्या लागतात त्या नारायणगावात आणि शिधापत्रिका मूळ गावी असेल, तर दाखला मूळ गावच्या तहसीलमधून काढणं सोपं जातं. दाखल्यावर 'वैध' म्हणून तारीख असते. ३१ मार्च उलटून गेला असेल तर नवा काढावा लागतो.

दुसरा कागद म्हणजे रुग्णालयाचं अंदाजपत्रक. बरेचदा हातात येतं ते असं: चिठ्ठीवर 'अंदाजे खर्च ४ लाख' आणि खाली सही. हे कुठेच चालत नाही. चालतं ते असं: रुग्णालयाच्या लेटरहेडवर, तारीख, रुग्णाचं पूर्ण नाव आधारवर आहे तसंच, आंतररुग्ण क्रमांक, निदान, शस्त्रक्रियेचं नाव, खाटेचं भाडं, शस्त्रक्रिया, इम्प्लांट, औषधं, तपासण्या असे वेगळे आकडे, शेवटी एकूण, डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांकासह शिक्का आणि रुग्णालयाच्या बँक खात्याचा तपशील. याच्या चार मूळ प्रती सही करून घ्या. रंगभूमीवरच्या नावाने कागद बनला तर सगळं अडतं. पोस्टरवरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असेल तर दाखल करतानाच आधारवरचं नाव सांगा.

## मदत मागण्याआधी येणं वसूल करा

ही पायरी लोक विसरतात, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. कलाकाराला मदत लागते, तेव्हा त्याचे स्वतःचेच पैसे कुणाकडे तरी अडकलेले असतात. मालिकांमध्ये मानधन ९० दिवसांनी मिळायची पद्धत आहे. मागच्या प्रयोगांच्या नाइट बाकी असतात. एखाद्या महोत्सवाचा धनादेश निघायचा असतो. कुठल्या निर्मात्याकडे किती, कुठल्या तारखेचं, याची यादी एका कागदावर काढा आणि प्रत्येकाला एक साधा निरोप पाठवा: 'अमुक रुग्णालयात दाखल आहेत. जानेवारीच्या सहा प्रयोगांचं मानधन बाकी आहे. ते आज-उद्या खात्यात टाकावं ही विनंती.' यात मदतीचा सूर नको. मदत मागितली की समोरचा पाच हजार देऊन मोकळा होतो आणि तीस हजारांची बाकी तशीच राहते. दाद लागत नसेल तर सभासद असाल त्या संघटनेच्या वाद निवारण समितीकडे लेखी द्या.

गीतकार आणि संगीतकारांनी रॉयल्टी तपासावी. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या गाण्यांच्या इतर वापरावरच्या रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा करारात लिहूनही काढून घेता येत नाही. आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचे सभासद असाल तर खात्यातली बाकी आणि आणीबाणीच्या मदतीची सोय, दोन्हीची चौकशी एकाच ईमेलमध्ये होते. गायकांनी आपल्या हक्क संस्थेकडे तेच विचारावं.

बँकेचं पासबुकही उघडून पाहा. दरवर्षी मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. त्यातून दवाखान्याचं बिल मिळत नाही. पण अपघातात कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर एक लाख आणि पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख मिळतात. मंचावरून किंवा लाइटच्या शिडीवरून पडलेल्या माणसाच्या घरच्यांना हे माहीतच नसतं.

## मग कलाकार म्हणून

आता संघटना. नाटकवाल्यांनी अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेची शाखा, चित्रपटवाल्यांनी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, मालिका आणि हिंदीत काम करणाऱ्यांनी सिन्टा ही नटनट्यांची संघटना किंवा आपल्या खात्याची युनियन गाठावी. दोन गोष्टी मागायच्या: काही रक्कम, आणि 'हे इतकी वर्षं या क्षेत्रात काम करतात' असं पत्र. रक्कम मिळेल न मिळेल, पत्र नक्की घ्या. न्यास आणि दानशूर मंडळी त्यावर विश्वास ठेवतात. वर्गणी थकली असेल तर आधी तीच विचारली जाईल, तेव्हा भरून टाका. सभासदच नसाल, जे लोककलावंतांच्या बाबतीत नेहमीचं आहे, तर फडमालकाचं किंवा दशावतारी मंडळाच्या मालकाचं पत्र, जुन्या जाहिराती, जत्रा कमिटीच्या सुपाऱ्यांचे (खेळ ठरवल्याचे) कागद, वर्तमानपत्रातली कात्रणं, प्रमाणपत्रं हे पुरावे जोडा. मूळ कागद कुणालाही देऊ नका.

न्यासांपैकी मुंबईचा सिद्धिविनायक न्यास आणि शिर्डीचं संस्थान रुग्णांना वैद्यकीय मदत करतात. बाकीच्यांची यादी रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे असते. सगळ्यांना एकाच वेळी अर्ज करा, पण कुणापासून दुसऱ्याची मदत लपवू नका. अर्जात काय लिहायचं याचा नमुना देतो, कारण चार पानांची जीवनकहाणी कुणी वाचत नाही:

'मी गेली सव्वीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया सांगितली आहे. रुग्णालयाचा अंदाज ३,४०,००० रुपये आहे. ही शस्त्रक्रिया या रुग्णालयात जन आरोग्य योजनेतून होत नाही, तसं पत्र जोडलं आहे. रुग्णालयाने ४०,००० कमी केले, घरून आणि थकलेल्या मानधनातून ९०,००० जमले, संस्थेने २५,००० दिले. १,८५,००० कमी पडतात. त्यातली शक्य ती रक्कम सोबत दिलेल्या रुग्णालयाच्या खात्यात जमा करावी. शस्त्रक्रिया पुढच्या सोमवारी ठरली आहे.'

एवढंच. काय झालं, किती लागतात, किती जमले, किती उरले, कुठे भरायचे, कधीपर्यंत. पुरस्कारांची यादी हवी तर मागे जोडा.

साठीच्या पुढच्या कलावंतांसाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचं दरमहा सहा हजारांपर्यंतचं अर्थसहाय्य आहे, आणि राज्यात राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. राज्याच्या योजनेत २०२४ पासून सरसकट दरमहा ५,००० रुपये मिळतात. वय पन्नाशीच्या पुढे, क्षेत्रात किमान १५ वर्षांचं काम आणि अल्प उत्पन्न अशा तिच्या अटी आहेत. ही आजारपणाची मदत नव्हे, मंजुरीही जिल्हा समितीकडून सावकाश येते. पण शस्त्रक्रियेनंतर सहा महिने काम बंद राहणार असेल तर अर्ज आजच टाकलेला बरा.

## लोकांकडे हात पसरताना

ऑनलाइन वर्गणीसाठी मिलाप, केटो यांसारखे मंच आहेत. रुग्णालयाचे कागद टाकून आवाहन करता येतं आणि पैसे थेट रुग्णालयाला वळवता येतात. तसंच करा. देणाऱ्याला खात्री वाटते, आणि दुसरं कारण आयकराचं आहे: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम व्यक्तीच्या खात्यात आली तर ती सगळी रक्कम करपात्र धरली जाऊ शकते. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडून आलेली मदत या नियमातून वगळलेली आहे. म्हणून मोठी रक्कम जमणार असेल तर ओळखीच्या नोंदणीकृत न्यासामार्फत किंवा रुग्णालयाच्या खात्यात घ्या आणि एकदा सनदी लेखापालाला विचारा. मंचाचं शुल्क आणि आपोआप जोडली जाणारी टिपही आधी पाहून घ्या.

रुग्णाला विचारल्याशिवाय फोटो टाकू नका. नळ्या लावलेला चेहरा व्हायरल होतो, हे खरं. तो चेहरा पुढे त्याच माणसाला मंचावर न्यायचा असतो, हेही खरं. मला स्वतःला नळ्यांपेक्षा कामावरचा जुना फोटो बरा वाटतो; प्रेक्षकाला ओळख त्यानेच पटते. आणि कोणाच्याही वैयक्तिक गुगल पे वर 'सध्या इथे टाका' हे टाळा, ती व्यक्ती कितीही भली असो. हिशोबाच्या शंकेने मंडळं फुटलेली आहेत.

सहाय्यार्थ प्रयोग ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे, पण ती तातडीची नाही. तारीख, नाट्यगृह, कलाकारांच्या वेळा जुळायला महिना-दोन महिने सहज जातात. म्हणून प्रयोग शस्त्रक्रियेसाठी ठेवू नका. नंतरच्या औषधांसाठी, फिजिओथेरपीसाठी, घरभाड्यासाठी ठेवा. नाट्यगृहाच्या भाड्यात सवलत लेखी मागा, आणि खर्च वजा जाता किती उरले हे त्याच आठवड्यात जाहीर करा.

उचल घेणं टाळता आलं तर टाळा. घ्यावीच लागली तर रक्कम आणि फेडीचे सीझन कागदावर लिहून घ्या. हार्मोनियम, तबला, कॅमेरा विकू किंवा गहाण टाकू नका. ज्याच्यावर पुढचं पोट आहे ते सगळ्यात शेवटी.

## सुट्टी मिळताना

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तपशीलवार बिल मागा, एकत्रित आकडा नव्हे. ओळीओळीने वाचा: न वापरलेली औषधं परत गेली का, एकाच तपासणीची नोंद दोनदा आहे का, भेटीला न आलेल्या डॉक्टरांची फी लागली आहे का. मग समाजसेवकामार्फत सवलतीचा अर्ज द्या. या टप्प्यावर रुग्णालयं बरंच ऐकतात, कारण त्यांनाही खाट मोकळी हवी असते. बिल बाकी आहे म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, मृतदेहही अडवता येत नाही. तसं कुणी केलं तर लेखी कारण मागा आणि पोलिसांना कळवा. हप्ते ठरले तर ते रुग्णालयाच्या लेटरहेडवर घ्या.

जन आरोग्य योजनेत उपचार झाले असतील तर सुट्टीनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासणी योजनेतच येते; मागितली नाही तर हातात फक्त चिठ्ठी पडते. नंतरच्या औषधांसाठी डॉक्टरांना मूळ घटकाच्या नावाने चिठ्ठी लिहायला सांगा आणि जन औषधी केंद्रात चौकशी करा. गायकाच्या घशाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा नर्तकीच्या गुडघ्याची, तर 'काम केव्हा सुरू करता येईल' हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. पुढच्या सीझनचं बोलणं करताना निर्मात्यापुढे हाच कागद ठेवावा लागतो.

ज्यांनी पैसे दिले त्यांना आठवड्याभरात एक निरोप जावा: किती जमले, किती लागले, किती उरले. उरलेले पैसे औषधांसाठी ठेवणार असाल तर तसं सांगा. दुसऱ्या एखाद्या आजारी कलाकाराकडे वळवणार असाल तर देणाऱ्यांना आधी विचारा.